भगताला सोडले, मनाची जखम आता कोणाला दाखवावी?



धम्मदीक्षेनंतर आपण घरातले देव्हारे काढले. अंगारे, गंडेदोरे, उतारे बंद केले. ताप आला तर दवाखाना, हाड मोडले तर दवाखाना, एवढे आता आपल्या लहान मुलालाही कळते. पण एक जागा अजून रिकामी राहिली आहे. घरातली सून रात्री दचकून उठते, ओरडते, जेवत नाही, लेकराकडे बघत नाही. आठ दिवस जातात, महिना जातो. मग कोणीतरी म्हातारी हळूच म्हणते, "हिला बाहेरचं लागलंय. एकदा दाखवून आणू, कोणाला कळणार नाही." आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या त्याच घरातून अंधार पडल्यावर दोन माणसे भगताच्या वाटेला लागतात.

या माणसांना नुसता दोष देऊन काही साधणार नाही. बावीस प्रतिज्ञा विसरली म्हणून ती गेली नाहीत. मनाला जखम झाली तर कोठे जावे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून गेली. भगताला निदान त्या बाईचे ऐकायला वेळ असतो. आपण शिकलेली माणसे तिला काय सांगतो? "मन घट्ट कर. विसरून जा." बाई विसरायचाच तर जिवापाड प्रयत्न करीत असते, आणि तिचे दुखणे त्यानेच टिकून राहते. हे कसे, आणि मग गुण कशाने येतो, ते या पाठात पाहू.

एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. समजा, घाटात एस.टी.ला अपघात झाला. नवरा-बायको शेजारी बसले होते. नवरा जागीच गेला, बायको वाचली. तिला आपण ताई म्हणू. चार महिने झाले. डोक्याचे टाके केव्हाच निघाले. पण रस्त्यावर गाडीचा ब्रेक करकचून लागला की ताईचे हातपाय थंड पडतात. डिझेलचा वास आला की ती चुलीपुढे बसलेली असूनही घाटातच असते. नवऱ्याची आठवण येणे वेगळे आणि हे वेगळे. आठवण ही जुन्या फोटोसारखी असते. आपण तो हातात घेतो, रडतो, परत ठेवतो. ताईला मात्र घडून गेलेली गोष्ट आत्ता, या क्षणी घडते आहे असे वाटते. म्हणून ती एस.टी. स्टँडच्या वाटेने जात नाही. माहेरी जात नाही. नवऱ्याचे नाव कोणी काढले की उठून आत जाते. रात्री झोपायला भिते, कारण स्वप्नात पुन्हा तेच.

या अवस्थेला मराठीत आघातोत्तर ताणविकृती म्हणतात. शब्द जड आहे, पण घाबरू नका. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक थरथरू लागले, मुके झाले, तेव्हा चार्ल्स मायर्स या डॉक्टराने १९१५ साली त्यासाठी 'शेल शॉक' हा शब्द छापला. तरीही पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपलेच सैनिक गोळ्या घालून मारले. त्यांतले कित्येक या विकाराने ग्रस्त असावेत असे आता मानतात, आणि अशा ३०६ जणांना २००६ साली कायद्याने मरणोत्तर क्षमा मिळाली. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक आणि बलात्कार सोसलेल्या स्त्रिया यांच्या बाजूने अमेरिकेत लोक उभे राहिले, तेव्हा कोठे १९८० साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या दुखण्याला आपल्या यादीत नाव दिले. म्हणजे भित्रा म्हणून, वेडा म्हणून, झपाटलेला म्हणून माणसाला हिणवण्याची चाल आपल्याच गावची नव्हे. साहेबाच्या देशातही ती होती.

आता पहिल्या दिवसांविषयी. मोठा आघात झाल्यावर पहिले काही आठवडे झोप न येणे, दचकणे, रडणे हे सर्वांनाच होते, आणि बहुतेक माणसे आपली आपण सावरतात. त्या काळात उपचारांपेक्षा निवारा, जेवण, झोप, जवळचे माणूस आणि पुढे काय होणार याची खरी माहिती यांची गरज असते. माणूस बोलला तर ऐकावे. बोलत नसेल तर खोदू नये. अपघातानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून घडलेले सारे तपशील वदवून घेण्याची एक पद्धत पाश्चात्त्य देशांत काही वर्षे जोरात होती. तिची कसून तपासणी झाली, तेव्हा तिचा फायदा होत नाही, उलट काहींना त्रास होतो, असे आढळले. आपल्याकडे ही पद्धत निराळ्या रूपात आहे. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "कसं झालं गं? तू कुठल्या बाजूला बसली होतीस?" दिवसातून दहा वेळा. घरच्या जबाबदार माणसाने हे थांबवावे. पण महिना उलटून गेला, आणि दुखणे कमी होण्याऐवजी ठाण मांडून बसले, तर मात्र जाणत्या माणसाकडे जावे.

जाणता माणूस काय करतो? आज ज्या उपचारांना सर्वांत चांगला आधार आहे, त्यांचे बाहेरचे रूप निरनिराळे आहे, पण आत एकच गोष्ट आहे. ज्या आठवणीपासून माणूस पळतो, तिच्याकडे त्याला विश्वासाच्या माणसाच्या सोबतीने, थोडे थोडे करून, परत नेणे.

पेनसिल्वेनियातील एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेल्या पद्धतीत हे सर्वांत उघड दिसते. साधारण आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक तास-दीड तासाची. ताई डोळे मिटून बसेल आणि घाटातला प्रसंग आत्ता घडतो आहे अशा भाषेत सांगेल: "मी खिडकीशी बसलेय. हे पेंगताहेत." सांगताना ती रडेल, थरथरेल. उपचारक तिला थांबवणार नाही आणि एकटीही सोडणार नाही. सांगणे संपले की पुन्हा सांगायचे. ते ध्वनिमुद्रित करून घरी रोज ऐकायचे. ऐकणाऱ्याला हे क्रूर वाटेल. पण पाचव्या-सहाव्या वेळी काहीतरी बदलू लागते. भीती चढते आणि आपोआप उतरते, हे अंगाला कळते. तुटक चित्रे एका ओळीत लागतात, आणि त्या प्रसंगाला सुरुवात होती तसा शेवटही होता, हे मनाला पटते. बैठकीबाहेरचा भागही तितकाच महत्त्वाचा. टाळलेल्या गोष्टींची एक शिडी करतात. ताईची पहिली पायरी, भावाबरोबर स्टँडच्या फाटकाशी उभे राहणे. दुसरी, आत बाकावर बसून गाड्या बघणे. मग उभ्या गाडीत चढून उतरणे. मग पुढच्या थांब्यापर्यंत सपाट रस्त्याचा प्रवास. भीती थोडी ओसरेपर्यंत त्या पायरीवर थांबायचे, मग पुढे. घाट सगळ्यात शेवटी.

पण ताईच्या मनात भीतीबरोबर आणखी एक काटा आहे. तिला वाटते, "सकाळच्या गाडीनं जाऊ असं मीच म्हटलं. मी म्हटलं नसतं तर ते वाचले असते." अशा अडकलेल्या विचारावर पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीचा भर आहे. ती त्यांनी १९८० नंतरच्या दशकात बलात्कारपीडित स्त्रियांसाठी बसवली आणि साधारण बारा बैठकांची आहे. यात उपचारक "तुझा काय दोष?" अशी समजूत घालत नाही. समजुतीने हा काटा निघत नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तो प्रश्न विचारतो. त्या सकाळी तुला काय माहीत होते? घाटात काय होणार हे तुला ठाऊक होते का? हीच गाडी तुझ्या बहिणीने सुचवली असती तर तिला तू काय म्हणाली असतीस? ताई हे वहीत लिहिते, तपासते, आणि दोष व दुःख यांतला फरक तिचा तिलाच सापडतो.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. असे कित्येक काटे बाईच्या मनात आपणच रोवतो. नवरा गेला की "पांढऱ्या पायाची" म्हणतो. अत्याचार झाला की "ती तिथं गेलीच कशाला" म्हणतो. मूल गेले की "मागल्या जन्मीचे भोग" म्हणतो. मागल्या जन्मीच्या पापाने या जन्मीचे दुःख ठरते हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. तो आपण सभेत मोठ्याने नाकारतो आणि मयताच्या घरी हळूच वापरतो. जखमी माणसाला यातून किती अपाय होतो, याचा विचार घराघरांत व्हावा.

तिसरी पद्धत ई.एम.डी.आर. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. फ्रान्सिन शापिरो यांना ती १९८७ साली सुचली. यात माणूस त्या प्रसंगातले सर्वांत भयंकर चित्र मनात धरतो आणि त्याच वेळी उपचारकाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांवर नजर ठेवतो. सारा प्रसंग तोंडाने सांगावा लागत नाही. ज्यांना बोलवत नाही त्यांना ही सोय मोठी वाटते. प्रथम ऐकताना आपल्यातल्या जुन्या माणसांना हसू येईल, की हाही मंत्रतंत्रच झाला! शंका योग्य आहे आणि ती शास्त्रज्ञांनीही घेतली. बोटे हलवण्याने नेमके काय होते, त्याची गरज तरी आहे का, यावर अजून वाद आहे. पण रुग्णांना गुण येतो का, हे अनेकदा तुलना करून तपासले गेले, आणि २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचारांबरोबर या पद्धतीचीही शिफारस केली. भगत आणि उपचारक यांत फरक हाच. भगताला कोणी तपासलेले चालत नाही. उपचारकाची पद्धत तपासणीला उघडी असते, आणि ती खोटी ठरली तर टाकून द्यावी लागते, जशी ती घाईने वदवून घेण्याची पद्धत टाकली.

आतापर्यंत एका अपघाताविषयी बोललो. पण ज्यांच्या आयुष्यात एकामागून एक आघातच आले, वस्ती जाळली गेली, मारहाण झाली, कोठडीत छळ झाला, त्यांनी कोणता प्रसंग निवडावा? जर्मनीतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी अशा लोकांसाठी एक सुंदर रीत काढली. जमिनीवर दोर पसरतात. हा दोर म्हणजे आयुष्य. माणूस त्यावर जन्मापासून क्रमाने सुखाच्या प्रसंगी फूल ठेवतो, दुःखाच्या प्रसंगी दगड. मग पुढच्या बैठकांत एकेक दगड उचलून त्याची गोष्ट सांगायची, उपचारकाने ती लिहून काढायची, आणि शेवटी सारे आयुष्य लिहिलेले ते कागद त्या माणसाच्या हातात द्यायचे. युगांडातल्या निर्वासितांच्या छावण्यांत ही पद्धत वापरली, आणि तेथे निर्वासितांतल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून उपचार करवले. ते साधले.

साक्ष देऊन बरे होण्याची वाट त्याहून जुनी आहे. चिलीत लष्करी हुकूमशाही असताना छळ झालेल्यांच्या साक्षी दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रिया लिहून घेत. १९८३ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला तो जिवाच्या भीतीने टोपणनावाने. ही वाट पुढे आपल्या देशातही आली. वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने डेन्मार्कच्या तज्ज्ञांच्या मदतीने २००८ च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या छळपीडितांसाठी ती वापरली. पीडितांत दलित बरेच होते. दोन बैठकांत माणूस आपली हकीकत सांगतो आणि ती लिहून घेतली जाते. मग सन्मानाचा कार्यक्रम होतो. चार लोकांपुढे ती हकीकत वाचून दाखवतात आणि सन्मानाने त्या माणसाच्या हाती देतात. नंतर पुन्हा भेट घेऊन विचारपूस होते. ज्याला चौकात मारले, त्याचा सन्मानही चार लोकांतच झाला पाहिजे, हे ज्याला सुचले त्याला जातीचा घाव नेमका कोठे बसतो हे कळले होते. अर्थात, हकीकत लोकांपुढे वाचायची की नाही हे त्या माणसाने ठरवायचे, कार्यकर्त्यांनी नव्हे. आपल्या कार्यकर्त्यांना सभेत पीडिताला उभे करण्याची घाई असते.

आणि सुरक्षितता आधी. ज्यूडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: प्रथम सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, मग पुन्हा माणसांत येणे. हल्ला करणारा जामिनावर सुटून शेजारच्या आळीत फिरत असेल, तर रात्री न झोपणाऱ्या मुलाची भीती हा आजार नव्हे, ती शहाणीव आहे. तेथे आधी १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद, संरक्षण, आर्थिक साहाय्य यांसाठी झटावे. नुसते मन शांत करायला सांगणारा उपचारक अशा वेळी कामाचा नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्यांचा या विकारात उपयोग होतो. गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्या आघात बरा करीत नाहीत आणि त्यांची सवय लागते. शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणून तर मुळीच देऊ नका. दारूचेही तेच. विसरण्यासाठी म्हणून सुरू होते, म्हणजे तेही पळणेच.

ध्यानाविषयी आपल्या वाचकांकडून हमखास विचारणा होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्मृतिसाधनेवर आधारलेला आठ आठवड्यांचा पाठ सुरू केला. तो त्यांनी बौद्ध परंपरेतूनच घेतला. पुढे वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी त्याचा वेगळा उपचार तयार झाला आणि तो उपयोगी ठरला. याचा आनंद वाटणे साहजिक आहे. पण त्रिपिटकात सगळी वैद्यकशास्त्रे आहेत असे म्हणू लागलो, तर वेदांत विमाने शोधणाऱ्यांत आणि आपल्यात फरक राहणार नाही. ताजा घाव असलेल्या माणसाला डोळे मिटून एकटे बसवले, तर कधी कधी तोच प्रसंग पुरासारखा अंगावर येतो. विपश्यनेची केंद्रेसुद्धा प्रवेशाच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती उगाच नव्हे. ती कधी लपवू नका. आणि एक विनंती. भगताच्या जागी परित्राण-पाठाला बसवू नका. पाठाने घरात माणसे जमतात, धीर येतो, हे खरे. परंतु पाण्याच्या ताटलीने भूत पळते या समजुतीने तो केला, तर आपण फक्त भगताचे कपडे बदलले.

पटाचारेची कथा आठवा. तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत, हकीकत अट्ठकथेत. एका दिवसात नवरा सापाने गेला, एक मूल नदीत वाहून गेले, दुसरे ससाण्याने उचलले, आणि माहेरी पोचते तो आईबाप व भाऊ घराखाली गाडले गेल्याचे कळले. ती नग्न होऊन रानोमाळ फिरू लागली. लोक वेडी म्हणून ढेकळे मारीत. बुद्धाने तिला जवळ येऊ दिले, भानावर यायला सांगितले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. मग तिने आपली सारी हकीकत सांगितली आणि त्यांनी ती ऐकली. कोणता मंत्र दिला नाही, विसरायला सांगितले नाही. यात आजचा उपचार शोधण्याची गरज नाही. पण वेडी म्हणून ढेकळे मारणाऱ्यांत आपण असावे की वस्त्र टाकणाऱ्यांत, एवढे तरी त्यातून घरच्यांना कळावे.

ढेकळांचा काळ संपला असे समजू नका. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. तेथे बरे होण्यासाठी आणून ठेवलेले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे बंद केले आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तर मग जायचे कोठे? पहिली पायरी म्हणजे जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येते, नाव ऐकून भिऊ नका. जाणे शक्य नसेल तर १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. जीव द्यावासा वाटतो असे कोणी बोलून दाखवले, तर सकाळची वाट न पाहता हाच क्रमांक फिरवा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

अडचण लपवण्यात अर्थ नाही. वर सांगितलेले बोलण्याचे उपचार शिकलेली माणसे खेड्यापाड्यांत फार थोडी आहेत. रांगेत उभे राहून पाच मिनिटांत गोळ्या हातात पडण्याचाच अनुभव बहुतेकांना येईल. म्हणून स्वतःहून विचारा: "या प्रसंगाविषयी बोलून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ येथे कोणत्या वारी बसतात?" वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनीही यात लक्ष घालावे. गोव्यातल्या 'संगथ' संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार केले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर सहा ते आठ बैठकांचा उपचार त्यांच्याकडून करवला. त्याने गुण आल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तो उपचार नैराश्याचा होता, आघाताचा नव्हे. पण हे काम डॉक्टरच्याच मुलाला जमते असे नाही, हे त्यावरून दिसते.

दवाखान्यात जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: काय घडले आणि केव्हा, झोप किती लागते, काय काय टाळले जाते, कोणती औषधे चालू आहेत. घडलेला प्रसंग दोन ओळींत पुरे, सविस्तर सांगायचा तो पुढे, विश्वास बसल्यावर. बरोबर घरचे एकच माणूस जावे, आणि ते ताईने निवडलेले असावे. आत गेल्यावर तिच्या वतीने त्याने बोलू नये. पहिल्या भेटीत मन बसले नाही तर दुसऱ्या उपचारकाकडे जाण्यात कसला कमीपणा नाही. मधल्या बैठकांत काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटतो. त्या दिवसांत घरच्यांनी "बघ, आणखी बिघडलं" असे म्हणून उपचार तोडू नये. उपचारकाला ते सांगावे, आणि त्या आठवड्यात स्वयंपाकाचे, लेकरांचे काम घरातल्या पुरुषांनी उचलावे.